पाच किलोचं वजन

कामरगाव
दि. १८ मे २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

चि. जिनल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी माझं पाणी गाळून झालं होतं. गाळण्याचं कापड उलटं धरून त्यात अडकलेल्या बारीक जिवांची जिवाणी परत विहिरीत सोडली, अंगण झाडलं, तुरीची डाळ उन्हात पसरली आणि ज्वारीचं पीठ मळायला बसले. तू बारावीच्या पेपरला कारंज्याला गेली होतीस. तुझे पप्पा मंदिरातून आले, कपाळावरचं केशर अजून ओलं होतं. मी ताट वाढलं. भाकर आणि बेसनाचं चून. त्यांनी अर्धी भाकर खाल्ली असेल. बाहेर सन्मतीकाकाचा आवाज आला, ओट्यावरचं माझं बाकडं कोणी सरकवलं म्हणून. उरलेली अर्धी ताटात ठेवून ते उठले, आलोच म्हणाले. मी ताटावर ताट झाकलं आणि पुढची भाकर थापायला घेतली.

परवा फोनवर तू एकदम विचारलंस, की त्या दिवशी पप्पा काय जेवले होते. मी म्हणाले, नेटवर्क जातंय. नेटवर्क चांगलं होतं. तर हे उत्तर. अर्धी भाकर.

फोनवर आपण दोघी खोटं बोलतो. तू म्हणतेस सगळं ठीक, मी म्हणते इकडेही ठीक, मग जेवलीस का विचारून ठेवून देतो. म्हणून मी आता कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवत जाईन. तूही कागदावरच लिही. हाताने लिहिताना खोटं बोलायला जड जातं.

सन्मतीला जामिनावर येऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. रोज सकाळी भिंतीपलीकडे त्याच्या कापड दुकानाचं शटर वर जातं आणि माझा हात जिथे असेल तिथे थांबतो. सरकारी वकील म्हणाले, पावसाळा सरता सरता वाशीमच्या कोर्टात माझी साक्ष लागेल. त्या सकाळचं पाहणारी मी एकटीच आहे. तू त्याचा विचार तिकडे करू नकोस.

तांड्यावरची हेमला रोज तुझी चौकशी करते. काल म्हणे, सेठाणी, तुमची पोरगी सयपाक शिकाले इतक्या दूर कायले गेली, माह्याकडे आली असती तर चार दिवसांत बाटी शिकवली असती. मी म्हणाले, तुझी बाटी दगडासारखी असते. ती म्हणे, म्हणूनच तर पोरं घर सोडून पळून नाही जात, उठताच येत नाही त्याईले.

गरम कपडे वर काढून ठेव. माझी माया तिथल्या थंडीला पुरो.

तुझी
आई


फ्रान्स
दि. ८ जून २०२५

ती. आईस जिनलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र हॉटेलच्या धुलाईच्या खोलीत उभ्याने वाचलं. अर्धी भाकर, एवढंच वाचून फोन बंद केला. बाकीचं रात्री वाचलं. रात्री म्हणजे उजेडातच. इथे सूर्य दहाला मावळतो! संध्याकाळची पाळी संपवून साडेनऊला जेवले तरी माझा रात्री न जेवण्याचा नियम शाबूत. मुनिमहाराजांना सांग, पुण्य फार स्वस्त पडतं इथे.

माझ्या खोलीत फातू नावाची मुलगी आहे, सेनेगलची. माझ्यासारखीच शिकाऊ. पहिल्या दिवशी मी नळाला गाळण्याचं कापड बांधलं, तर तिने नळाला सर्दी झाली का म्हणून विचारलं. आता तीच रोज सकाळी ते सोडून धुते आणि खिडकीत वाळत घालते. जिवाणी मी खालच्या झऱ्यात सोडते. माळी मला वेडी समजतो पण वाट सोडतो.

इथला पाव लांब आणि इतका कडक की चोराच्या डोक्यात घातला तर चोर जागचा उठणार नाही. हे वाक्य लिहिलं आणि थांबले. आपल्या घरात असा विनोद आता करता येत नाही, नाही का?

पहिले पंधरा दिवस मी केकच्या विभागात होते, ठरल्याप्रमाणे. मग एक माणूस कमी झाला म्हणून मला मासळीच्या बाजूला टाकलं. मी आपली लिंबं कापते, भांडी पुसते. नजर खाली ठेवते. शेफ बोलत नाही, भुंकतो. त्याचा मूड गेला की हातातलं भांडं उडतं. काल तापलेला झारा फातूच्या कानावरून गेला आणि भिंतीवर आपटला. सगळे क्षणभर थांबले आणि पुन्हा कामाला लागले, जसं कोणी फक्त शिंकलं. मी कॉलेजच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, मोठ्या किचनमध्ये असंच असतं, जुळवून घे.

घेतेय. तू साक्षीची काळजी करू नकोस म्हणतेस, म्हणजे तूच करतेस.

हेमलामावशीला सांग, तिच्या बाटीचं बी इथे पेरलंय बहुतेक. तुझा हात पाठीवर आहे असं धरून चालते.

तुझी
जिनल


कामरगाव
दि. १३ जुलै २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

चि. जिनल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पावाचा विनोद मी हेमलाला वाचून दाखवला आणि ती हसली. मीही हसले. घरात विनोद करायचाच नाही असं ठरवलं तर तो माणूस दोन वेळा जिंकला.

पेरणी आटोपली, आपल्या किराणा दुकानात गर्दी कमी आहे. मी रद्दीतल्या पुड्या करता करता वाचते. एका पानावर एका बाईची गोष्ट होती, नवरा परत येतो की नाही ते पुढच्या पानावर होतं आणि ते पान तिखटाबरोबर कोणाकडे तरी गेलं. चार दिवस मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होते.

गेल्या मंगळवारी सन्मतीने जाता जाता माझ्या दारातलं ज्वारीचं पोतं लाथेने आडवं केलं. दाणे ओट्यावरून नालीपर्यंत गेले. मी ते वेचत असताना तो त्याच्या दारात पान खात उभा होता. संध्याकाळी भिंतीपलीकडून चेतनाचा आवाज आला. आधी काहीतरी आपटल्याचा, मग तिचा. माझी जाऊ आहे ती, तुझी काकू, एकाच मांडवात दोघी उभ्या राहिलो होतो. सकाळी मी ओट्यावर भेटले तर पदर गालावर ओढून म्हणे, दात दुखून राह्यला.

मंदिराचे अध्यक्ष येऊन गेले. म्हणाले, अंगुरीबाई, घरातलं भांडण आहे, गेलेला माणूस काही परत येत नाही, आपल्या समाजाचं नाव कोर्टात किती दिवस. मी चहा दिला आणि पुड्या बांधत राहिले.

आता माझं ऐक. तू पाठवलेल्या समुद्राच्या फोटोत सगळे अर्ध्या बाह्यांत आहेत आणि तू पूर्ण बाह्यांत. कप तू नेहमी उजव्या हाताने धरतेस. फोटोत डाव्या हातात आहे. फोनवर विचारलं तर नेटवर्क जाईल, मला माहीत आहे. म्हणून कागदावर विचारते. हाताला काय झालं?

उत्तर येईपर्यंत माझं मन इथे टांगलेलं आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी
आई


फ्रान्स
दि. २० जुलै २०२५

ती. आईस जिनलचा सा. न. वि. वि.

तुझ्यापासून फोटोसुद्धा लपवता येत नाही. डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

जूनच्या शेवटच्या रविवारी जेवणाला फार गर्दी होती. शेफने माझ्यापुढे खेकड्यांची पेटी ठेवली. जिवंत. नांग्यांना रबरं बांधलेली. उकळत्या पाण्यात टाक म्हणाला. मी मान हलवली. त्याने माझ्याकडे बघत स्वतः पेटी उपडी केली आणि झाकण लावलं. झाकण खालून खडखडायला लागलं. आतून पाय आपटत होते, आई. शेफ वळला आणि मी गॅस बंद केला.

मला वाटलं, मी वाचवलं. मला काहीच कळत नव्हतं. आच गेली तसं पाणी निवत गेलं आणि ते मेले नाहीत. अर्धे शिजले आणि एकमेकांवर चढत राहिले. चटकन मेले असते ते माझ्या दयेपायी कितीतरी वेळ मरत होते. मी झाकण उघडून ते पाहिलं.

शेफनेही पाहिलं. आधी झाऱ्याचा दांडा पाठीत बसला, दोनदा. मग त्याने नखं रुतवून माझं मनगट धरलं आणि हाताची आतली बाजू भट्टीच्या दाराला टेकवून दाबून धरली. दाबताना तो आकडे म्हणत होता, लहान मुलांना शिकवतात तसे, हळू हळू. मी ओरडले नाही. नाकात माझाच वास आला. फातूने त्याला मागून ओढलं तेव्हा कातडीचा तुकडा दाराला राहिला.

डॉक्टरकडे नेलं, पट्टी केली. बोटं हलतात, घाबरू नकोस. शेफने ऑफिसात सांगितलं, पोरगी घाईत भट्टीवर पडली.

आई, हे वाक्य आपण आधी ऐकलेलं आहे.

फातू म्हणते लेखी तक्रार कर, मी साक्ष देते. तक्रार केली तर शेफ माझं इथलं जिणं हराम करेल आणि नाही केली तरी करेल. मला आणखी एक सांग. त्या खेकड्यांचं पाप कोणाचं? त्याचं की माझं? रात्री ते झाकण वाजतं.

तुझी माया मागते, आणखी काही नको.

जिनल


कामरगाव
दि. ३ ऑगस्ट २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

चि. जिनल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खलबत्त्यात खोबरं फोडत होते. वाचून फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा बत्ता घेतला. खोबऱ्याचा भुगा झाला तरी हात थांबेना. हेमला दारात उभी होती. ती म्हणे, सेठाणी, खोबऱ्यानं काय घोडं मारलं तुमचं? मी तिला सांगितलं. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, त्याचा पत्ता द्या, मी माहा भाऊ धनसिंगले पाठवतो. धनसिंग मुंबईपर्यंतसुद्धा गेलेला नाही. पण ती बसली, उठली नाही, मला बरं वाटलं.

पडली म्हणाला ना तो. आपल्याकडेही पडलेच होते. सन्मतीने पोलिसांना तेच सांगितलं, भाऊ पाय घसरून वजनावर पडला. माणूस पडतो तेव्हा एकदा पडतो. तू तक्रार कर. फातूला सोबत घे. मी इथून काही करू शकत नाही, पण तू तोंड मिटून घरी आलीस तर मला तुझ्याकडे बघवणार नाही.

पापाचं मला शास्त्रातलं कळत नाही. मी इतकंच म्हणेन, आग लावणारा हात आणि विझवणारा हात एका पारड्यात घालू नकोस. तुझ्या हाताने चूक झाली. त्याच्या हाताने चूक झाली नाही, त्याने ते केलं.

मात्र वैर मनात धरू नकोस, ते आपल्यालाच खातं. या महिन्याअखेर दशलक्षण पर्व बसतंय. तुला जमेल तेवढं एकाशन कर, दिवसातून एकदाच जेव, हात बरा होईपर्यंत उपास नको. आणि ८ सप्टेंबरला क्षमावाणी आहे. घरी असताना जशी सगळ्या गल्लीची क्षमा मागत फिरायचीस तशी तिथेही माग. शेफचीही माग. पप्पा म्हणायचे, ज्याच्याशी पटत नाही त्याच्या दारापासून सुरुवात करायची. तक्रार तक्रारीच्या जागी, क्षमा क्षमेच्या जागी. तुझ्या मनातलं झाकण वाजायचं थांबेल.

हाताला खोबरेल लावू नकोस, डॉक्टर सांगेल तेच लाव. माझ्या जिवाचा अर्धा भाग तिकडे आहे, तो सांभाळ.

तुझी
आई


फ्रान्स
दि. १४ सप्टेंबर २०२५

ती. आईस सा. न.

तुझं ऐकलं. तक्रार केली आणि क्षमाही मागितली. आता काय झालं ते वाच.

८ तारखेला मी फोनची मदत घेऊन त्यांच्या भाषेत चार ओळींची चिठ्ठी केली. मनाने, बोलण्याने, कृतीने, कळत किंवा नकळत मी तुम्हाला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागते. किचनमध्ये सगळ्यांना दिली. धुलाईवाल्या बाईला, माळ्याला, दारावरच्या माणसालाही. धुलाईवाली रडली. माळ्याने टोपी काढली. सुरुवात शेफपासून केली होती, पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे. त्याने वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मला वाटलं, काहीतरी हललं त्याच्या आत.

११ तारखेला तक्रारीची चौकशी होती. टेबलापलीकडे तिघं. शेफने खिशातून ती घडी काढली आणि उलगडून टेबलावर ठेवली. म्हणाला, बघा, मुलीने स्वतः कबूल केलंय. ऑफिसातल्या बाईंनी मला शांतपणे विचारलं, तुमची काही चूक नसेल तर तुम्ही माफी कशाबद्दल मागितली? आई, माझ्या हाताची पट्टी टेबलावर होती आणि सगळे त्या चिठ्ठीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर फातूने मला भिंतीशी धरून हलवलं. म्हणाली, माझ्या कानावरून झारा गेला, मी तुझ्यासाठी माझी जागा पणाला लावली आणि तू त्या राक्षसाला माफी लिहून दिलीस. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आमचं गाळण्याचं कापड मीच धुते. काल शेफने जाता जाता माझ्या पट्टीवर अंगठा दाबला आणि हसला.

२६ तारखेला शेवटची बैठक आहे. मला तेव्हाही उत्तर देता आलं नाही तर प्रकरण बंद, आणि मी पुन्हा त्याच्या हाताखाली.

तुझा राग आलाय मला. तू म्हणालीस क्षमा क्षमेच्या जागी. इथे तशी जागाच नाही. मला घरी यायचंय. आणि खरं सांग, यंदा क्षमावाणीला काका आपल्या दारात आले होते का? तू काय केलंस? केली असशील क्षमा, तर वाशीमला काय बोलणार आहेस?

जिनल


कामरगाव
दि. १८ सप्टेंबर २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

चि. जिनल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा राग बरोबर आहे. मी गावातली रीत तुझ्या हातात दिली आणि ती तिथे कशी दिसेल याचा विचार केला नाही.

सन्मती आला होता. मंदिरातून सगळे निघाल्यावर, अध्यक्ष बरोबर, मागे चेतना. माझ्या ओट्याखाली उभा राहून त्याने हात जोडले, वहिनी, उत्तम क्षमा म्हणाला. गल्ली बघत होती. मीही हात जोडले. उत्तम क्षमा म्हणाले. नुसत्या तोंडाने नाही, मनाने म्हणाले, तुला खोटं सांगणार नाही. मला त्याचा जीव नको, त्याच्या घराचं वाईट नको. तीन वर्षं उराशी धरलेलं काहीतरी त्या वेळी खाली ठेवल्यासारखं झालं. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, आता पुढचंही नीट करा. कोर्टात एवढंच म्हणायचं, मी आत भाकरी थापत होते, बाहेर आले तेव्हा ते पडलेले होते. मी गप्प राहिले. गप्प राहिले म्हणजे हो, असं त्यांनी धरलं. मीही तसंच धरलं होतं.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, भिंतीपलीकडे चेतनाचा आवाज आला. या वेळी मारताना तो बोलतही होता. लोकायसमोर माहे हात जोडवले, लोकायसमोर, असं म्हणत होता आणि प्रत्येक शब्दाला एक. दुपारी जोडले होते तेच हात. मी भिंतीवर पायलीने ठोकलं. आवाज थांबला. मग त्याने पलीकडून भिंतीवर ठोकलं, एकदा, जोरात. आणि पुन्हा सुरू केलं.

तुझं पत्र त्यानंतर आलं. आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते, कारण माझी साक्ष लागली आहे आणि २४ तारखेला परक्या लोकांपुढे सांगायचं तर आधी तुला कळलं पाहिजे.

मी भाकर थापत होते हे खरं. आवाज चढले म्हणून तशीच उठून दारात आले. तुझे पप्पा वाकून बाकडं जागेवर सरकवत होते. सन्मती आपल्या किराणा दुकानात शिरला आणि तराजूजवळचं पाच किलोचं वजन कडीला धरून उचललं. मला वाटलं, भीती घालतोय. पहिला घाव खांद्यावर बसला. पप्पा वळले आणि म्हणाले, अरे सन्मती. एवढंच. नुसतं नाव, लहान भावाला हाक मारावी तसं. दुसरा कानशिलावर. ते ओट्यावर पडले आणि तो पडलेल्या माणसावर वाकला आणि तिसरा घातला. आवाज नारळासारखा नव्हता, ओलं पोतं टाकल्यासारखा होता. मी धावले, डोकं मांडीवर घेतलं. माझ्या हातांना पीठ होतं. ते रक्तात कालवलं गेलं आणि माझ्या बोटांना घट्ट चिकटलं. दवाखान्यात नर्सने ब्रशने घासून काढलं. आत झाकलेली अर्धी भाकर तशीच होती.

म्हणून त्या दिवसापासून दुकानात पाच किलोचं वजन नाही. दोन, दोन आणि एक टाकून मी पाच करते, आणि हेमला विचारते की सेठाणी, तुमचं पाच कुठं चरायले गेलं. तुला आता कळलं.

मी क्षमा केली हे खरं. पण मी क्षमा केली म्हणून त्याने वजन उचललंच नव्हतं असं होत नाही. मी विसरून जाईन असं मी कुठे म्हणाले? आणि तू तरी कुठे म्हणालीस?

घरी यायचं तर ये, दार उघडंच आहे. पण २६ झाल्यावर ये. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही, एकदा शिकवलं तेवढं पुरे. मी २४ ला सकाळच्या बसने वाशीमला जाते. तिथलं तुला तुझी बैठक झाल्यावर लिहीन, आधी नाही. तुझं तू बोल.

रागातही माझी आठवण ठेवलीस, तेवढ्यावर मी पोट भरते.

तुझी
आई


फ्रान्स
दि. २७ सप्टेंबर २०२५

ती. आईस जिनलचा सा. न. वि. वि.

झाली बैठक. खुर्चीच्या पायामागे टाचा अडकवून बसले होते.

त्या बाईंनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हणाले, आमच्याकडे त्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. मी तीच चिठ्ठी धुलाईवाल्या बाईला दिली. माळ्याला दिली. ज्या माळ्याशी मी दोन शब्दही बोलले नव्हते, त्याचा मी कोणता गुन्हा केला होता? रात्री खिडकीत बसून मी त्या खेकड्यांचीही क्षमा मागितली, त्यांना चिठ्ठी देता आली नाही. मी गॅस बंद केला होता. ते मी आजही सांगते. त्याची क्षमा मी मागितली. माझा हात मी भट्टीला लावला नाही.

मग मी पट्टी सोडली. दाराच्या कडेची सरळ रेघ आहे हातावर, आणि मनगटावर पाच नखांचे व्रण, पांढरे पडलेले. पडलेल्या माणसाच्या मनगटावर नखं कुठून येतात असं विचारायचं मनात होतं, पण त्याआधीच त्या बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

दार उघडलं आणि फातू आत आली. तिच्या हातात चिठ्ठी होती, तिची. मागून धुलाईवाली, तिच्याही हातात. मग माळी, टोपी काढून. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या शेफच्या चिठ्ठीशेजारी ठेवल्या. सगळ्या सारख्या. फातूने झाऱ्याचंही सांगितलं. धुलाईवाली म्हणाली, मी इथे बारा वर्षं आहे, गेल्या वर्षीच्या शिकाऊ पोरीच्या कोटावरचं रक्त मीच धुतलंय.

लेखी निकाल अजून नाही. शेफला तूर्त कामावर यायला मनाई केली आहे. जाताना त्याने दाराची चौकट मुठीने मारली, तिला पोचा पडलाय. मला परत केकमध्ये घेतलंय, ऑक्टोबरअखेरपर्यंत. राहते मी. पूर्ण करून येते.

फातू आज परत बोलली. म्हणाली, पुढच्या वर्षी त्या दिवशी आधी मला विचार. कापड तिनेच धुतलं.

आता सांग, वाशीमला काय झालं? एक ओळही गाळू नकोस. तुझ्या आशीर्वादाला आणि तुझ्या हातच्या चुनाला आसुसलेली,

जिनल


कामरगाव
दि. ३० सप्टेंबर २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

चि. जिनल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, मग हेमलाला. ती म्हणे, त्या धुलाईवालीले माहा रामराम कळवा.

बसमध्ये अध्यक्ष माझ्या पुढच्या बाकावर होते. मंगरूळपीर गेलं तसं मागे वळून म्हणाले, ठरल्याप्रमाणे. मी खिडकीतून सोयाबीन बघत होते.

कोर्टात सरकारी वकिलांनी एक खोकं उघडलं. लाखेचं सील तोडून कापड सोडलं आणि वजन माझ्यापुढे ठेवलं. जिनल, ते लहान वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं केवढं तरी मोठं आहे. हे ओळखता का म्हणाले. मी उलटं करून दाखवा म्हणाले. खाली शिशाच्या ठशाजवळ तुझ्या पप्पांनी खिळ्याने काढलेली रेघ होती, शेजारच्या दुकानांत उसनं जायचं म्हणून केलेली खूण. आमचंच आहे, मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. तीनही घाव. अरे सन्मती, हेही. सन्मती खाली बघत होता. तिसरा सांगताना त्याने वर पाहिलं. मी डोळे हलवले नाहीत.

मग त्याचा वकील उठला. चांगला सभ्य माणूस, मला बाई, बाई करून बोलला. ८ सप्टेंबरला तुम्ही सगळ्या गल्लीसमोर आरोपीला क्षमा केली, हे खरं का? मी खरं म्हणाले. तर मग तुमच्या मनात त्याच्याविषयी तक्रार राहिली नाही? मी म्हणाले, वैर राहिलं नाही. मग वकील म्हणाला, म्हणजे तो निर्दोष आहे असंच तुम्ही मानलंत. मी दोन्ही हातांनी कठडा धरला. मी म्हणाले, साहेब, काही घडलंच नसतं तर त्याने क्षमा कशाची मागितली, आणि मी कशाची केली?

वकिलाने कागद उलटला आणि दुसरं विचारलं. मीही पुढचं उत्तर दिलं. निकालाला अजून वेळ आहे, आणखी साक्षी आहेत. येताना अध्यक्ष दुसऱ्या बसने आले.

तुझ्या बैठकीची वाट न बघता मी बोलले आणि माझी न बघता तू. बरं झालं. कोणी कोणाचं पाठ केलं असं आता कोणाला म्हणता येणार नाही.

चेतना काल मागच्या दाराने आली होती. चहा घेतला नाही, बसली फक्त. दात दुखतो का विचारलं तर नाही म्हणाली. मी तिला म्हणाले, तुझ्या माराची साक्ष द्यायची वेळ आली तर भिंतीच्या या बाजूला मी आहे. जाताना तिने पदर गालावरून खाली घेतला आणि तसाच ठेवला. आज सकाळी त्यांच्या दुकानाच्या शटरचा आवाज उशिरा आला.

ऑक्टोबर संपायला आला की तुरीला फूल येईल, तेव्हा तू येशील. नळाचं कापड फातूला ठेवून ये, आपल्याकडे दुसरं आहे. हाताला थंडी लागू देऊ नकोस. माझं प्रेम तुला पोचतं आहे, त्याची पोच तेवढी देत जा.

तुझी
आई

ता. क. कोर्ट सुटल्यावर मी वाशीमच्या बाजारातून ठसा मारलेलं नवं पाच किलोचं वजन घेतलं आणि मांडीवर ठेवून बसने आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गाळलं, जिवाणी विहिरीत सोडली, दुकान उघडलं आणि हेमलाला पाच किलो ज्वारी एकाच वजनाने मोजून दिली.